एरहू घेऊन पालीला

आमच्या साकोलीकडच्या माणसाला डोंगर म्हटला की लांबवर दिसणारी निळी रेघ आठवते. राजगडाच्या पायथ्याचं पाली गाव पाहिलं नसतं, तर माझ्याही डोक्यात डोंगर तेवढाच राहिला असता. तिथून आल्यावर घरी फोन केला तर आई म्हणाली, "लिवून ठेव वो बाई. फोनवर अर्धं तू इसरते, अर्धं मी." म्हणून लिहिते आहे. माझी शाळा आठवीत सुटली. वाचणाऱ्याने अक्षराकडे पाहू नये, गोष्टीकडे पाहावं.

पुण्यात मी एका चिनी बाईंच्या सोबतीला राहते. त्यांचं आडनाव लिन. आयुष्यभर मुलांना संगीत शिकवलं म्हणून घरात सगळे त्यांना लाओशी म्हणतात. लाओशी म्हणजे गुरुजी. तिकडे बाई असो की बुवा, शब्द एकच. त्यांचा मुलगा वेई चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि सून प्रियांका त्याच कारखान्यातली, मूळची पालीची. लग्न त्यांनी कोर्टात केलं. मुलगा-सून दिवसभर बाहेर, लाओशींना भाषा येत नाही, म्हणून मला ठेवलं. पहिल्याच दिवशी मी जमिनीवर बसून जेवायला लागले तर त्यांनी हाताला धरून मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ते मी विसरत नाही. पण त्या दिवसापासून भीतीही बसली की आपल्या हातून काही फुटलं-तुटलं तर ही खुर्ची जायची.

आता वेईची बदली त्याच्या देशात झाली आहे. म्हणजे लाओशींबरोबर प्रियांकाही जाणार. तिच्या आईने, शालनमावशींनी, हे ऐकल्यापासून त्या विषयावर बोलणंच टाकलं होतं. भांडण नाही, रडणं नाही. कधी जाणार, हे त्या विचारत नव्हत्या, आणि कोणी सांगायला लागलं की उठून चुलीकडे जात होत्या. प्रियांका मला म्हणाली, "तिने हो म्हटलं नाही तरी मी जाणार आहेच गं वनिता. पण ती अशीच गप्प राहिली तर तिकडे माझ्या घशाखाली घास तरी उतरेल का?"

शेवटी लाओशींनीच ठरवलं. मुलांच्या आधी एक दिवस आपण जायचं, विहिणीच्या घरी राहायचं, आणि रविवारी तिथली सत्यनारायणाची पूजा झाली की तिच्यासाठी एरहू, म्हणजे त्यांचं दोन तारांचं वाद्य, वाजवायचा. बोलता येत नाही तर वाजवून तरी कळेल, मुलगी कोणाच्या घरात जाते आहे ते.

नसरापूर

एरहूची पेटी लांबट आणि काळी असते. पूर्ण रस्ताभर ती माझ्या मांडीवर होती. भाड्याच्या गाडीने आम्हाला नसरापूरला सोडलं. तिथे शेअर रिक्षावाले "मार्गासनी, वेल्हे" ओरडत होते. एकाने पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "बंदूक हाय का काय, मॅडम?"

"सारंगी हाय," मागून आवाज आला. "आन् विहीणबाई वाजिवत्यात. तुज्या रिक्षाचा हॉर्न गप कर, म्हंजी तुलाबी आयकू यील."

हे तात्या, प्रियांकाचे वडील. शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला आले होते. मागे जनावरांच्या पेंडीची पोती. लाओशींनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला तेव्हा तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग काही सुचेना म्हणून वडापाव आणला. लाओशींनी तळलेली मिरची अख्खी चावून खाल्ली आणि दुसरी मागितली. त्यांच्या मुलखात जेवण तिखटच असतं. तात्यांच्या चेहऱ्यावरचा अर्धा ताण तिथेच उतरला. "घरी ठेचा हाय," ते मला हळूच म्हणाले, "सांग त्यास्नी."

मार्गासनीच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. पिकं कापून झाली होती. खाचरांतून पेंढा रचलेला. मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण आमच्याकडेही हेच पीक. फक्त आम्ही शेतात असेपर्यंत त्याला धान म्हणतो आणि ताटात आल्यावर भात. इथे शेतातही भात आणि ताटातही भात. आमच्या बांधावर तलाव असतो, इथल्या बांधावर सरळ किल्ला उभा. मान वर करून पाहताना टेम्पोच्या टपाला डोकं आपटलं, ते टेंगूळ अजून आहे.

पाली, शनिवार

शालनमावशी दारात उभ्या होत्या. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आमच्या पायांवर पाणी घातलं. लाओशी पुढे झाल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घ्यायला गेल्या, तर मावशींनी हात मागे घेतले. "पिटाचं हायेत," त्या म्हणाल्या. ते खरंही होतं. पण मला वाटलं, पीठ नसतं तरी मागेच घेतले असते.

जेवायला तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी, इंद्रायणीचा वाफाळता भात आणि ठेचा. लाओशींनी सगळं खाल्लं. मावशी समोर बसून त्यांचा घास मोजल्यासारखा बघत होत्या, पण बोलत माझ्याशी होत्या.

"ह्यांच्यात सासू सुनंला सैपाक करू देती का सोताच करती?"

"लाओशीच करतात, मावशी. प्रियांका भांडी लावते."

"आन् प्वारगी आजारी पडली तर?"

"मला ताप आला होता तेव्हा माझ्या उशाशी बसल्या होत्या."

"तू कामाला हायेस. तुजं येगळं. सुनंचं येगळं असतं." एवढं बोलून त्या उठल्या आणि चुलीत लाकूड सारलं. लाकूड आधीच पेटलेलं होतं.

जेवणानंतर तात्यांनी पेटी उघडायला सांगितली. आजूबाजूच्या दोन-तीन बायका येऊन बसल्या. मी एरहू काढून लाओशींच्या हातात दिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: खाली मुठीपेक्षा थोडं मोठं सहा कोनी लाकडी खोकं, त्यातून वर गेलेला हातभर दांडा, वर दोन खुंट्या आणि दोनच तारा. गज म्हणजे वेळूची काठी आणि तिला ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस. गंमत अशी की हे केस त्या दोन तारांच्या मधूनच जातात. गज वाद्यापासून वेगळा होत नाही. शेजारच्या एका काकू म्हणाल्या, "आगं, अडाकलाय तो! काढ की!" आणि काढायला हातही घातला. मी जवळजवळ किंचाळलेच.

खोक्याच्या तोंडावर खवल्यांचं कातडं दिसलं तेव्हा तात्या पुढे वाकले. "हे काय, सापाचं?"

"अजगराचं."

"नाग न्हाई ना?"

"नाही, तात्या."

"मंग ठीक." पण मावशींनी तेवढ्यात कुंकवाचा करंडा आणून दांड्याच्या शेंड्याला हळद-कुंकू लावलं होतं. लाओशींनी मान खाली करून ते लावू दिलं, जणू त्यांच्याच कपाळाला लागत होतं.

तात्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. मी हा इतिहास घरी प्रियांकाच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे, म्हणून मीच सांगितला. एर म्हणजे दोन. हू म्हणजे उत्तरेकडची, घोड्यावर फिरणारी परकी माणसं. हजार वर्षांपूर्वीपासून त्यांच्याकडून असली वाद्यं चिनी मुलखात येत गेली. तेव्हा तारा रेशमाच्या होत्या आणि त्यांवर गज नाही, वेळूची नुसती कांब घासत. घोड्याचे केस नंतर आले. पुष्कळ काळ ते खालच्या लोकांचं वाद्य होतं. नाटकमंडळ्यांच्या मागे बसणारे, चहाच्या दुकानात वाजवून पोट भरणारे, रस्त्यावरचे आंधळे. मोठ्या घरात त्याला जागा नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वी एका शिक्षकाने त्यासाठी धडे लिहिले, शाळेत नेलं, आणि मग लाओशींसारख्या मुलींनाही ते शिकता आलं.

"म्हंजी नाव अजून परक्यांचंच," तात्या म्हणाले, "आन् वाद्य घरचं झालं."

मावशींनी करंड्याचं झाकण लावलं.

लाओशींनी थोडं वाजवून दाखवलं. खोकं डाव्या मांडीवर. बोटं दाबायला खाली लाकडाची पट्टी नसते, तार हवेतच दाबायची, आणि सूर कुठे आहे ते कानाने शोधायचं. बाहेरची तार उंच सुराची, गज बाहेर ढकलला की ती बोलते. आतली खर्जातली. तिच्यासाठी गजाचे केस बोटांनी आत ओढून धरावे लागतात. मी शिकायचा प्रयत्न केला आहे. माझ्याकडून दोन्ही तारा एकदम ओरडतात. लाओशी तेव्हा हसत नाहीत, माझी बोटं फक्त थोडी सैल करतात.

संध्याकाळी तात्या आम्हाला खाचरांकडे घेऊन गेले. किल्ला उतरून आलेली पोरं लाओशींना पाहून फोटो मागत होती. एकाने विचारलं, "आजी, वर जाऊन आलात?" लाओशींना वाटलं तो काही विकतो आहे, त्यांनी त्याला नम्रपणे नको म्हटलं. सूर्य मावळतीला टेकला तसा सगळा पेंढा तांबूस झाला. परत आलो तेव्हा एरहू पेटीत नव्हता, ओसरीच्या खुंटीवर नीट टांगलेला होता, उंदरांच्या वाटेपासून दूर. मी मनातल्या मनात मावशींचे आभार मानले.

रविवार

सकाळी अंगण शेणाने सारवलेलं होतं. दाराला आंब्याची पानं. प्रियांका आणि वेई दुपारच्या आत येणार होते. चुलीवर एका पातेल्यात रिठे उकळत होते. लेक आली की पूजेआधी तिचे केस आपण धुवायचे, असं मावशींनी ठरवलेलं.

लाओशी ओसरीवर उन्हात बसल्या आणि तारा लावायला घेतल्या. गज ओढला.

आवाज आला नाही.

परत ओढला. ओल्या साबणावरून हात फिरावा तसा गज नुसता घसरला. त्यांनी केस नाकाजवळ नेले. मीही वाकले. खोबरेल तेल.

मावशी हात पुसत बाहेर आल्या. कालपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "आता कसं मऊ झालं? काल बगितलं तर केस नुसतं राठ, आन् सगळा कोंडा पडल्याला. म्हनलं, बाई परमुलखात, कोन हाय त्यास्नी तेल घालाया. बोटाबोटानं जिरिवलं बगा म्या."

तो कोंडा नव्हता. ती राळ होती. गजाच्या केसांवर राळेची पांढरी भुकटी असते म्हणूनच केस तारेला धरतात आणि तार बोलते. तेल लागलं की केस मेले.

हा एरहू लाओशींच्या गुरूंचा. दुसरा गज पुण्यातही मिळत नाही, मागवावा लागतो. आणि सांगू कोणाला काय? मावशी अजून हसत होत्या. लाओशी उठल्या आणि आत गेल्या.

मावशींचं हसू थांबलं. "चुकलं का गं माजं काय?"

मी सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं हळू सांगितलं. त्या पायरीवर बसल्या.

"म्हंजी वाजनार न्हाई?"

"आत्ता तरी नाही, मावशी."

"दुसरं केस मिळतील की. नसरापूरला वरातीची घोडी हाय एकाची."

"आता तिची शेपूट कापतीस?" तात्या अंगणातून म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यांनाही ते कळलं, ते पेंढ्याकडे निघून गेले.

"बग वनिता," मावशी खाली बघत म्हणाल्या, "लगनाला गेले न्हाई म्या. काल धड बोलले न्हाई. आन् मायेनं म्हून एक काम केलं, तर ह्ये आसं. आता त्या म्हनतील, आईच आशी तर लेक कशी. माज्या पोरीला तितं म्हायेर न्हाई, मानूस न्हाई. तिच्यावर निगायचं हे सगळं."

मला माझी आई आठवली. मी पुण्याला निघाले तेव्हा तीही असंच कोणाकडे न बघता बोलली होती. मी मावशींच्या शेजारी बसले.

लाओशी बाहेर आल्या. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा लाकडी कंगवा होता. त्या मावशींच्या समोर उकिडव्या बसल्या, गजाच्या केसांकडे बोट केलं, मग मावशींच्या अंबाड्याकडे, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर पाणी घेतल्यासारखं केलं. तू कसे धुतेस, असं विचारत होत्या.

मावशींना कळायला वेळ लागला नाही. "रिठं!" त्या उठल्याच. चुलीवरचं पातेलं उतरवून आणलं. मी म्हटलं, "ते प्रियांकासाठी..." तर म्हणाल्या, "तिला दुसरं करीन. हे आदी."

लाओशींनी दोन्ही खुंट्या सैल केल्या, तारा खालून सोडवल्या आणि गज मोकळा केला. एरहूपासून सुटलेला गज मी पहिल्यांदाच पाहिला. घराबाहेर काढलेल्या माणसासारखा वाटला. वेळूला पाणी लागू नये म्हणून काठी मी आडवी धरली. मावशी कोमट पाणी ओतत होत्या, लाओशी दोन बोटांत केस धरून फेस काढत होत्या. एकदा धुतलं, वास गेला नाही. परत रिठ्याचं पाणी, परत साधं पाणी. मावशी पाणी कधी थांबवायचं ते आपोआप थांबवत होत्या, लाओशी मान हलवायच्या आतच.

मग लाओशींनी कंगवा घेतला. केस ओले आणि गुंतलेले. त्यांनी एका हाताने वर घट्ट धरलं आणि अगदी शेंड्यापासून विंचरायला घेतलं. शेंड्याचा गुंता सुटला की बोटभर वर. तो सुटला की आणखी वर. कुठे कंगवा अडला तर ओढत नव्हत्या, थांबत होत्या, बोटांनी सोडवत होत्या. एकही केस तुटला नाही. मावशींच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला होता. त्या केसांकडे बघत नव्हत्या. लाओशींच्या वरच्या हाताकडे, जिथे केस मुळाशी धरले होते तिथे, बघत होत्या.

गज उन्हात वाळवला. कावळे येऊ नयेत म्हणून मावशी स्वतः शेजारी बसून राहिल्या, आणि पूजेची तयारी शेजारच्या काकूंना करायला लावली. वाळल्यावर लाओशींनी तारा चढवल्या आणि राळ घासायला बसल्या. घासून घासून मनगट दुखलं तेव्हा मी घासलं, मग मावशींनी मागून घेतलं. "हाच तो कोंडा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा लाओशींकडे सरळ बघून हसल्या. लाओशींना शब्द कळला नाही, पण त्याही हसल्या.

प्रियांका आणि वेई आले, पूजा झाली, आरती झाली. भावकीतली माणसं ओसरीवर दाटीने बसली. लाओशींनी डोळे मिटले आणि गज ओढला.

पहिला सूर घोगरा निघाला. सर्दी झालेल्या माणसासारखा. दुसराही. वेईने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग त्यांनी गज थोडा आत दाबला, आतल्या तारेवर आल्या, आणि आवाज मोकळा होत गेला. पूर्ण स्वच्छ झाला नाही. त्या दिवशी शेवटपर्यंत त्यात थोडी खरखर राहिली. सूर वर जायचा आणि टोकाला जाऊन थरथरायचा, कोणी काही सांगता सांगता थांबावं तसा. एक म्हातारे बाबा म्हणाले, "वाजतंय कुठं, हे बोलतंय." त्यांच्या बाजूच्या आजींनी त्यांना गप्प केलं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. या वेळी त्या चुलीकडे गेल्या नाहीत.

जेवणं उरकली. परसात प्रियांका हात धुवायला आली, मी तिच्या हातावर पाणी घालत होते. मावशी राखेचं घमेलं घेऊन भांड्यांशी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुजी सासू केस खालनं विंचरती."

"काय?" प्रियांका म्हणाली.

"आदी शेंडं सोडिवती. आन् वर मुळाशी धरून ठेवती, म्हंजी वढ बसत न्हाई." त्यांनी एक ताट घासलं, विसळलं, बाजूला ठेवलं. "तिकीट कवाचं हाय?"

प्रियांकाने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या तसाच धरून उभी. मग तिने तारीख सांगितली, अगदी हळू, आई उठून जाईल म्हणून घाबरल्यासारखी.

मावशी उठल्या नाहीत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंग मसाला ह्याच आठवड्यात कुटाया पायजे," त्या म्हणाल्या. "मिरच्यास्नी दोन ऊनं तरी लागत्यात. आन् त्यास्नी इचार, त्यांच्यात किती तिखट चालतं."